मामाजींच्या गाडीचा हिरवा

प्रीतम रामटेकेचं डोकं हिरव्या रंगानं जेवढं खाल्लं, तेवढं साहेबांनी आणि सरकारनं मिळूनही खाल्लं नसेल. हिंगण्याच्या एका रंगाच्या कारखान्यात तो सव्वीस वर्षं शेड जुळवत होता. गिऱ्हाईक ट्रॅक्टरच्या बॉनेटचा नाहीतर पंपाच्या झाकणाचा तुकडा आणून टाकायचं आणि म्हणायचं, अस्साच पाहिजे. मग डब्यात काळ्याचे चार थेंब, पिवळ्याचा एक, पुन्हा काळ्याचा अर्धा. कारखान्यात यंत्रं आली, संगणक आले, पण शेवटी रंगवलेली पत्र्याची पट्टी उत्तरेच्या खिडकीशी धरून "हं, जाऊ द्या" म्हणायला प्रीतमच लागायचा. त्याचं "हं" येईपर्यंत पिंपच्या पिंप रंग तसाच थांबायचा.

अशा माणसानं घरी आल्यावर तरी रंगाचं नाव काढू नये की नाही? पण छे. हा गडी घरी येऊन प्लॅस्टिकचे इवलेसे रणगाडे जोडायचा आणि रंगवायचा. लोक ज्या शोकेसमध्ये लग्नातला डिनर सेट मांडतात, त्यात वाडीच्या या घरात एकवीस रणगाडे, चार तोफा आणि एक पाणबुडी होती. त्याची बायको मोनाली पाहुण्यांना सांगायची, "आमच्या घरावर हल्ला करायची कोणाची टाप नाही जी."

बाविसावी गाडी मात्र घरचीच निघाली. मोनालीचे वडील बळीराम गजभिये फौजेत ड्रायव्हर होते. एकाहत्तरच्या लढाईत त्यांनी फेरेट चालवली होती. फेरेट म्हणजे चार चाकांची, दोन माणसांची छोटी चिलखती गाडी. वर गोल बुरूज, बुरुजात एक मशीनगन. फौजेतून आल्यावर म्हाताऱ्यानं वाडीच्या एका ट्रान्सपोर्टमध्ये ट्रकांची देखरेख केली आणि चार वर्षांपूर्वी बायको इंदूबाई गेल्यावर ते लेकीकडे राहायला आले. आता ते शहात्तर वर्षांचे होते. फेरेटचं नाव निघालं की "चालवली होती बा" एवढंच म्हणायचे आणि पानाचा डबा उघडायचे.

प्रीतमनं ठरवलं, मामाजींची, म्हणजे सासऱ्यांची, गाडी करायची. आणि करायची तर अशी, की त्यांनी पाहताच म्हणावं, हीच.

फेरेटच्या मॉडेलचा डबा मागवला, तो आला. सुटे भाग चांगले होते, पण रंगाच्या कागदावर गोऱ्या साहेबांच्या देशातले रंग. हिंदुस्थानी फौजेचं नावही नाही. जुने फोटो शोधले, तर सगळे काळे-पांढरे. मग त्यानं छंदवाल्यांच्या फोनवरच्या गटात विचारलं. पुण्याचा एक म्हणाला, गडद हिरवा. जालंधरचा एक म्हणाला, धुळकट हिरवा, आणि वरून चिखल फासलेला. तीन दिवस दोघं असे भांडले, जणू लढाई त्यांच्यातच झाली होती. चौथ्या दिवशी जालंधरवाला गट सोडून गेला. बंदुकीचाही तोच घोळ. डब्यात दोन तऱ्हेच्या बंदुका होत्या आणि कोणती बसवायची यावर जेवढी तोंडं तेवढी उत्तरं.

"साक्षीदार घरात बसला आहे, अन् तुम्ही जगाले विचारून राहिले," मोनाली म्हणाली.

ते खरंच होतं. पण साक्षीदाराला विचारण्यात एक अडचण होती. जावई म्हणजे घरातलं सगळ्यात नाजूक सामान, असं बळीरामजींचं मत होतं. लग्नाला वीस वर्षं झाली, पण त्यांनी प्रीतमच्या एकाही गोष्टीला नाव ठेवलं नव्हतं. प्रीतमनं एकदा हौसेनं सावजी रस्सा केला, तो असा जमला की घरातल्या सगळ्यांच्या नाकाडोळ्यांतून पाणी. बळीरामजी डोळे पुसत म्हणाले, "फस्क्लास झाला, जावईबापू." आणि दोन दिवस ताकावर राहिले.

एका रविवारी सकाळी अकराच्या सुमारास प्रीतम त्यांना गच्चीवर घेऊन गेला. अमरावती रोडवरून ट्रकांचे भोंगे येत होते. त्यानं कारखान्याच्या प्रयोगशाळेतून आणलेल्या आठ पट्ट्या काढल्या, आठही फौजी हिरव्याच्या आसपासच्या. कारखान्यात एक रीत आहे. पट्ट्या दाखवताना त्यांतली एक दोनदा दाखवायची. नव्या माणसाचा डोळा किती खरा, हे त्यावरून कळतं. प्रीतमला मामाजींची परीक्षा घ्यायची नव्हती. सव्वीस वर्षांच्या सवयीनं तिसरी आणि सातवी पट्टी एकाच डब्यातून रंगवली गेली होती, इतकंच.

"हा?" त्यानं तिसरी पट्टी धरली.

"नाही. हा तं लै काळा."

चौथी, पाचवी, सहावी. मग सातवी.

"हाच!" बळीरामजी म्हणाले. "बरोबर हाच होता, जावईबापू. काय पकडला तुम्ही!"

प्रीतमचा हात हवेतच राहिला. त्यानं खिशातली आणखी एक पट्टी काढली. ती हिरवी नव्हतीच. ट्रकच्या खालच्या सांगाड्याला मारतात तो विटकरी रंग होता.

"अन् हा?"

म्हाताऱ्यानं मान तिरपी केली, पट्टी नाकाजवळ नेली, लांब नेली. "हा पण जवळच आहे," ते अदबीनं म्हणाले. "तुमचं काम म्हणजे पाहायची गरज नाही."

"अन् बंदूक कोणती होती, मामाजी?"

"होती ना. मोठी होती," असं म्हणून बळीरामजी भिंत धरत धरत आंघोळीला निघून गेले.

प्रीतम गच्चीवरच बसून राहिला. एकेक गोष्ट आठवू लागली. दोन वर्षं मामाजी पेपर वाचत नव्हते. म्हणायचे, आजकाल छपाई खराब करून राहिले. संध्याकाळी बाहेर जात नव्हते. म्हणायचे, महानगरपालिकेनं दिवे कमजोर लावले. चहा बशीच्या बाहेर ओतायचे आणि बशीला नावं ठेवायचे. पेपरला, महानगरपालिकेला, बशीला, सगळ्यांना त्यांनी बोल लावला, फक्त डोळ्याला लावला नाही. आणि आपण? दुसऱ्याच्या ट्रॅक्टरमधला अर्ध्या थेंबाचा फरक पकडणारे आपण, आपल्याच घरातला माणूस आंधळा होत चालला ते पाहिलं नाही. त्याला स्वतःची लाज वाटली, अगदी कानापर्यंत.

मोनालीला सांगितलं तेव्हा ती आधी रडली, मग चिडली आणि दुसऱ्याच दिवशी वडिलांना धंतोलीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टर मिनल तरुण होत्या आणि गोड गोड बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी प्रीतम आणि मोनालीला समोर बसवून सांगितलं, "उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पूर्ण पिकलाय. डावाही त्याच वाटेवर आहे. उजव्यात दाब वाढायला लागलाय. महिन्याच्या आत ऑपरेशन केलं तर चांगलं दिसेल. उशीर झाला तर मग मोतीबिंदू काढूनही उपयोग नाही, तो डोळा कायमचा जाईल."

बळीरामजी शेजारीच होते. "पाहू," ते म्हणाले.

आणि घरी येऊन त्यांनी तो विषयच बंद केला. मोनालीनं समजावलं, ओरडली, हातापाया पडली. "मले सगळं दिसते वं," ते म्हणायचे. "ते पाह्य, पंखा फिरून राहिला." पंखा बंद असायचा. कारण कुणी बोलत नव्हतं, पण घरात सगळ्यांना माहीत होतं. चार वर्षांपूर्वी इंदूबाई अशाच एका लहानशा ऑपरेशनसाठी धंतोलीच्या एका दवाखान्यात गेल्या होत्या. स्वतःच्या पायांनी चालत, पिशवीत डब्बा घेऊन. दुसऱ्या पहाटे त्यांचं हृदय थांबलं. त्यात कुणाची चूक नव्हती, डॉक्टरांचीही नाही. पण चूक नसली की राग कुणावर काढायचा, हे माणसाला कळत नाही, आणि मग तो राग भीती होऊन घरातच राहतो.

बघता बघता तीन आठवडे गेले. कॅलेंडरवर मोनालीनं केलेल्या लाल खुणेला आता सात दिवस उरले होते.

प्रीतमनं समजावणं सोडून दिलं. समजावणाऱ्यांची घरात कमी नव्हती. शेजारच्या मीराबाईसुद्धा येऊन आपल्या दोन्ही डोळ्यांची हकीकत सांगून गेल्या होत्या. तो आपला फेरेट जोडत बसायचा. चाकं बसली, चिलखत बसलं, बुरूज बसला. बुरुजाचं भोक मात्र रिकामंच होतं. रविवारी सकाळी तो मामाजींच्या खाटेशी गेला. त्याच्या तळहातावर डब्यातल्या दोन बंदुका होत्या, तुरीच्या शेंगेपेक्षाही लहान.

"मामाजी, डोळ्यानं नका पाहू. हातानं पाहा. यातली कोणती?"

बळीरामजींनी हात पुढे केला. ट्रकांच्या इंजिनांत आयुष्य गेलेली बोटं ती, जाड आणि भेगाळलेली, पण शहाणी. त्यांनी पहिली बंदूक चाचपली, दुसरी चाचपली. नळी, दस्ता, वरचं झाकण. मग दोन्ही जावयाच्या हातावर परत ठेवल्या.

"दोन्ही नाही."

"मंग कोणती?"

"कोणतीच नाही." त्यांनी दाराकडे मान वळवली. "दार लोटून घ्या, जावईबापू."

प्रीतमनं दार लोटलं.

"बंदूक बिघडली होती," बळीरामजी म्हणाले. "वर्कशॉपवाल्यांनी काढून नेली. दुसरी येते म्हणे, आलीच नाही. अन् हुकूम आला, निघा. पुढं एक पूल होता, तो शाबूत आहे का उडवला, ते पाहून या. आमचा दफादार, म्हणजे गाडीचा कमांडर, सरदार होता. म्हणे, बिनबंदुकीची गाडी दिसली तं पोट्टेही गोटे मारतीन. मंग आम्ही पाण्याचा पाइप कापला, काळा केला अन् बुरुजात घुसवला. दुरून पाहिलं तं बंदूक. जवळून पाहिलं तं नळ."

प्रीतमला हसू आलं, पण मामाजींच्या चेहऱ्याकडे पाहून त्यानं ते गिळलं.

"सोळा किलोमीटर गेलो. दफादार वरतून नळ फिरवून राहिला, इकडं, तिकडं, जसा काही आत्ताच उडवते. अन् मी खाली स्टेरिंग धरून थरथर कापून राहिलो. चड्डी ओली झाली होती, जावईबापू. बावीस वर्षांचा घोडा मी. हे मी इंदूलेही नाही सांगितलं. तिले सांगायचो, लै मोठी मशीनगन होती माझ्या गाडीवर. बिचारी गावभर सांगत फिरे."

"अन् पूल?"

"शाबूत होता. येऊन सांगितलं. रात्रीतून सारी पलटण त्या पुलावरून गेली." बळीरामजींनी धोतराच्या सोग्यानं नाक पुसलं. "दफादारानं पाहिलं होतं माझं. पण हासला नाही. म्हणे, बलीराम, डर लगता है तो लगने दे, गाडी सीधी रख."

खाली रस्त्यावर एक ट्रक मागे घेत होते आणि क्लीनर "आने दो, आने दो" ओरडत होता.  वीस वर्षांत या माणसानं आपल्याला पहिल्यांदाच पाहुण्यासारखं वागवलं नाही, हे प्रीतमच्या ध्यानात आलं.

"भेव लागते मले," बळीरामजी हळूच म्हणाले. "डोळ्याचं नाही लागत. त्या दवाखान्याच्या पायऱ्यांचं लागते. इंदू त्याच रस्त्यानं गेली, हासत गेली."

"लागू द्या, मामाजी," प्रीतम म्हणाला. "मी आहे ना संगं. मलेही लागून राहिलं. दोघं मिळून भिऊ."

म्हातारा यावर खो खो हसला. हसता हसता खोकला, खोकता खोकता रडलाही थोडा. मग डोळे पुसून त्यानं हुकूम सोडला, "मोनाले पाइपाचं सांगू नका. अन् बुधवारी चालतो म्हणा."

बुधवारी ते गेले. धंतोलीतल्या त्या गल्लीत पुसदपासून गोंदियापर्यंतची माणसं डबे, पिशव्या, फाइली घेऊन बसलेली होती. दवाखाना वेगळा होता, पायऱ्याही वेगळ्या होत्या, तरी पहिल्या पायरीवर बळीरामजी थांबले. त्यांचा हात प्रीतमच्या दंडावर असा आवळला, की बोटांचे वळ संध्याकाळपर्यंत राहिले. मग त्यांनी पाय उचलला. एकेक पायरी, तोंडानं मोजत. चौदा होत्या. वर पोचल्यावर त्यांनी बनियनच्या आतून घाम पुसला आणि नर्सला विचारलं, "बाई, तुमच्याकडं चहा भेटते का?" नर्स म्हणाली, ऑपरेशननंतर. "मंग लौकर करा," बळीरामजी म्हणाले.

आत वीस मिनिटं लागली. बाहेर प्रीतमनं त्या वीस मिनिटांत भिंतीवरच्या एकाच सूचनेचं दहादा वाचन केलं, आणि विचारलं असतं तर ती कशाबद्दल होती हे त्याला सांगता आलं नसतं. मोनाली शेजारी डोळे मिटून बसली होती, ओठ हलत होते. दार उघडलं तेव्हा दोघं एकदमच उठले. डॉक्टर मिनल मास्क खाली करत म्हणाल्या, "छान झालं. आणि फार बोलतात हो तुमचे बाबा. मला सबंध वेळ क्लच कसा दाबायचा ते शिकवत होते."

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. बळीरामजींनी आधी लेकीकडे पाहिलं. कितीतरी वेळ पाहिलं. "मोना," ते म्हणाले, "तू एवढी वाळली काहून वं? अन् हे केस कवा पांढरे झाले?" मोनालीनं तोंडावर ओढणी धरली. चार वर्षांचं रडू होतं ते, थांबायला वेळ लागला.

इकडे प्रीतमनं गाडी पुरी करत आणली होती. बुरुजात त्यानं पितळेची बारीक नळी बसवली होती, काळी केलेली. मोनालीनं विचारलं, ही कसली बंदूक, तर म्हणाला, खास बनावटीची. रंगाचं मात्र त्याला एकट्यालाच ठरवावं लागलं. साक्षीदाराची साक्ष तर विटकरी निघाली होती. त्यानं पुणेवाल्याचं आणि जालंधरवाल्याचं दोघांचं ऐकलं, सगळी चित्रं पाहिली, आणि आपल्या सव्वीस वर्षांच्या डोळ्यावर भरवसा ठेवून एक हिरवा कालवला. नितळ, एकसारखा, कुठं डाग नाही. कारखान्यात त्या शेडवर कुणी बोट ठेवलं नसतं.

पाचव्या दिवशी, सकाळच्या उन्हात, गच्चीवर टाकलेल्या खाटेवर बसलेल्या मामाजींच्या हातात त्यानं ती गाडी दिली. मामाजींना दवाखान्यानं काळा चष्मा दिला होता. तो त्यांनी सरळ कपाळावर चढवला.

"बाबा, चष्मा!" मोनाली जिन्यातून ओरडली.

"थांब वं, महत्त्वाचं काम चालू आहे."

बळीरामजींनी गाडी फिरवून फिरवून पाहिली. चाकं पाहिली. बुरूज पाहिला. नळी पाहून मिशीत हसले आणि प्रीतमकडे एक डोळा मिचकावला, बरोबर ऑपरेशनवालाच. मग त्यांनी गाडी उन्हात धरली. त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. प्रीतमला वाटलं, आता येणार, फस्क्लास, जावईबापू.

"चुकला," बळीरामजी म्हणाले.

"अं?"

"रंग चुकला. सगळाच चुकला. हा काय हिरवा आहे? हा तं पोपट आहे, पोपट! अन् चमकून किती राहिला! अशी गाडी घेऊन गेलो असतो तं पहिल्याच किलोमीटरले उडालो असतो. काय करता हो तुम्ही एवढी वर्षं त्या कारखान्यात?"

जिन्यात मोनाली होती तिथंच थबकली. बापानं जावयाला असं बोललेलं तिनं जन्मात ऐकलं नव्हतं. प्रीतमनं मात्र आयुष्यभरात नापास झालेल्या एकाही शेडचा एवढा आनंद मानला नव्हता. त्याला वाटलं, नाचावं. त्यानं खिशातली पेन्सिल आणि शेडची एक पट्टी काढली आणि पट्टी उलटी करून तिच्यावर लिहायला घेतलं.

"सांगा, मामाजी. काय काय चुकलं?"

"लिहा. एक, यात पिवळा कमी आहे. दोन, आम्ही डब्यात माती चाळून टाकली होती, मूठ मूठ, चमक मारायले. कोणत्या पुस्तकात नाही भेटणार ते, मी सोता टाकली होती. तीन, दाराच्या खाली घासून घासून पत्रा उघडा पडला होता, माझ्या बुटानं. चार..." म्हाताऱ्यानं गाडी डाव्या डोळ्यासमोर नेली आणि कपाळ आक्रसलं. मग पुन्हा उजव्या, पुन्हा डाव्या. "या डोळ्यानं तं चवथं काही दिसूनच नाही राहिलं."

त्यांनी गाडी जपून प्रीतमच्या हातावर ठेवली, काळा चष्मा नाकावर ओढला आणि खाटेवरून उठले.

"मोना, माझा शर्ट काढ वं," ते जिन्याकडे तोंड करून म्हणाले. "डॉक्टरीण बाईकडं जाऊन येतो. डाव्या डोळ्याची तारीख घ्यायची आहे. अन् तुम्ही चला, जावईबापू, रस्त्यात माती पाहू."